झाडवाल्या बाई

मुंबईतल्या एखाद्या मराठी शाळेची सहल भायखळ्याच्या राणीच्या बागेत आली, की फाटकातच दोन पक्ष पडतात. एका पक्षात अख्खा वर्ग आणि दुसऱ्यात एकट्या विज्ञानाच्या बाई. वर्गाला पेंग्विन बघायचे असतात, बाईंना झाडं दाखवायची असतात. मुख्याध्यापकांकडे गेलेल्या अर्जावर मात्र ‘प्राणिसंग्रहालयास भेट’ असंच लिहिलेलं असतं. नुसती झाडं बघायला बसचं भाडं मंजूर होत नाही, हे बाई नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलेल्या असतात.

या बाई लांबूनही ओळखू येतात. कॉटनची साडी, तिच्याखाली सहलीपुरते बाहेर काढलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि खांद्याला शबनम. शबनममध्ये हजेरीची यादी, आवळासुपारी आणि बसमध्ये ज्यांच्या पोटात ढवळतं त्यांच्यासाठी पिशव्या. “जोडीदाराचा हात सोडायचा नाही” हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, “पान तोडायचं नाही, खाली पडलेलंच उचलायचं.”

पेंग्विनचा गजर सुरू झाला, की बाई इतिहास काढतात. बाग १८६२ मध्ये खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून. प्राण्यांसाठी जागा वाढवली १८९० मध्ये. पेंग्विन तर अगदी परवाचे, २०१६ साली सोलहून आलेले. “मग सांगा, इथले मालक कोण आणि भाडेकरू कोण?” मुलं एका सुरात विचारतात, “भाडेकरू कुठे राहतात, बाई?”

बाई अशा उत्तरांनी खचत नाहीत. पेंग्विन शेवटी, हा त्यांचा ठरलेला कावा.

कैलासपतीपाशी त्या खऱ्या खुलतात. या झाडाची फुलं शेंड्याला शोधायची नसतात; ती खोडातूनच फुटलेल्या काटकुळ्या डहाळ्यांवर लोंबतात आणि त्यांच्या शेजारीच तोफगोळ्याएवढी तपकिरी फळं. फुलाला सुवास, पण फळ पडून फुटलं की असा दर्प सुटतो, की सगळी रांग जोडीदाराचा हात सोडून स्वतःचं नाक धरते. बाई खाली पडलेलं फूल तळहातावर घेतात. जाड, गुलाबी पाकळ्या. मध्ये पुंकेसरांचं कडं आणि त्यावर फण्यासारखा वाकलेला पुंकेसरांचाच झुपका. मदतीला आलेली एखादी पालक-आई तेवढ्यात चप्पल काढून हात जोडते. “मूळचं दक्षिण अमेरिकेचं हं हे झाड,” बाई हळूच सांगतात. आई जोडलेले हात सोडत नाही. “देव काय, सगळीकडेच असतो,” म्हणते. यावर बाईंकडे शास्त्रीय उत्तर नसतं.

हम्बोल्ट पेंग्विनही दक्षिण अमेरिकेचेच, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. पण त्यांना भायखळ्यात वातानुकूलित दालन लागतं आणि कैलासपती उघड्यावर, मुंबईच्या उकाड्यात मुकाट फुलतो. हा मुद्दा बाई दर सहलीत मांडतात. दर सहलीत तो वाया जातो.

सीता-अशोकापाशी त्यांना जुना हिशोब चुकता करायचा असतो. शाळेच्या फाटकाशी सैनिकांसारखी ताठ उभी असलेली झाडं मुलं अशोक म्हणून ओळखतात. तो अशोक नव्हेच, तो आसुपालव, सीताफळाच्या भावकीतला. खरा अशोक हा, नारिंगी फुलांचे गुच्छ मिरवणारा, चिंच-गुलमोहराच्या कुळातला. शाळेच्या वार्षिक अंकात ‘आमच्या दारीचा अशोक’ असा लेख एकदा छापून आलेला असतो. तो बाईंच्या वरिष्ठांनी लिहिलेला असतो, त्यामुळे हा खुलासा नेहमी बागेतच होतो, शाळेत नाही.

वाटेत उंबर भेटला, तर बाई खाली पडलेलं एक फळ फोडून दाखवतात. फुलं आतच असतात आणि इवल्याशा गांधीलमाश्या परागीभवनाला आत शिरतात, हे ऐकून वर्ग पुढे सरसावतो. आत खरंच काहीतरी वळवळतं. गावाला सुट्टीत मूठमूठ उंबरं खाल्लेला एखादा मुलगा त्यानंतर डबाही उघडत नाही.

गोरखचिंचेच्या खोडाला वेढा घालायला हात पुरत नाहीत. तिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांवर येतात, एवढं वाक्य मात्र सगळे वहीत उतरवून घेतात, कारण त्यात वटवाघूळ आहे. बाईंना स्वतःला न ओळखता येणारं झाड आलं तर? “हे तुम्ही ओळखायचं, गृहपाठ!” असं म्हणून त्या पुढे निघतात. गृहपाठाची ही यादी दरवर्षी वाढते.

मग पेंग्विन. मुलं आत धावतात, बाई दाराशी उभ्या राहून डोकी मोजतात.

पुढच्या आठवड्यात ‘आमची सहल’ या निबंधाच्या वह्या येतात. पेंग्विनविषयी सगळ्यांनी तीच तीन वाक्यं लिहिलेली असतात: ते काळेपांढरे आहेत, पोहतात, गोड दिसतात. कैलासपतीच्या फळाच्या वासावर मात्र पानच्या पान भरलेलं असतं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. सहल वसूल झाली म्हणायला बाईंना एवढं पुरतं, आणि त्यांचं चुकत नाही.

राणीच्या बागेत अशी रांग दिसली, तर पिंजरे सोडून तिच्या मागे चालू लागा. एवढा चांगला वाटाड्या फुकटात मिळत नाही. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते.