काठीचिंतक

ट्रेकिंगच्या नादी लागलेल्यांत वाट तुडवणारे आणि वाटेचा विचार करणारे असे दोन ठळक वर्ग पडतात. आष्टी तालुक्यातील कडा येथे आढळणारा काठीचिंतक हा दुसऱ्या वर्गाचा शिरोमणी होय. मच्छिंद्रनाथांच्या मायंब्यापासून कानिफनाथांच्या मढीपर्यंत गर्भगिरीच्या झाडीतून पाठीवर पिशवी टाकून चालत जाण्याचा त्याचा संकल्प तीन पावसाळे झाले तरी ताजाच आहे, कारण ट्रेकिंग पोलची, म्हणजे टेकत चालण्याच्या हलक्या जोडकाठ्यांची, निवड अजून व्हायची आहे.

बसस्थानकाजवळच्या हॉटेलात दुसरा चहा येईपर्यंत तो सांगतो की, ॲल्युमिनियम वाकते पण सहसा साथ सोडत नाही, कार्बन वजनाला हलके असले तरी आडवा फटका बसल्यास मोडते, आणि बुचाच्या मुठीला घामाने हात सुटत नाही. टोक जमिनीवर टेकले असता कोपराशी काटकोन व्हावा, चढणीला लांबी थोडी कमी करावी, उतरणीला वाढवावी, म्हणजे मुरमाड उतारावर गुडघ्यांचा काही भार हात उचलतात, हेही तो हॉटेलमालकाची छत्री हाती घेऊन दाखवतो. या ज्ञानात खोट नाही. खोट असलीच तर एवढीच, की ज्या गुडघ्यांची ही काळजी, त्यांनी हॉटेलच्या पायऱ्यांपलीकडे उतार पाहिलेला नाही.

शेरडे वळणारे एक म्हातारबाबा तेथेच बिडी ओढत बसलेले असतात. त्यांच्या वेळूच्या काठीला खाली शेंबी, म्हणजे झीज रोखणारी लोखंडी टोपी, असते आणि उभे राहिल्यावर त्यांच्या कोपराशी नेमका काटकोन होतो. ती कशी निवडली, या प्रश्नावर "निवडायची काय? बेटातली तोडली," एवढेच उत्तर देऊन ते डोंगराकडे चालू लागतात, आणि काठीचिंतक तिसरा चहा मागवतो.

अखेर जोडी घरी येते, ती दाराआड उभी राहते, आणि चिंतक बुटांच्या अभ्यासाकडे वळतो. शेवग्याच्या शेंगा हाताला येत नाहीत असे दिसताच आई मात्र त्यातली एक उचलते, कुणी न शिकवता तिची कळ सोडवून नळी पुरी लांबवते आणि शेंगा पाडते. कामानुसार लांबी बदलावी हा नियम त्या घरात प्रथम अमलात येतो तो असा.