वीत मोजून भविष्य

दर फेब्रुवारी-मार्चला इंडियानापोलिसमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे पारखी कॉलेजच्या टाइट एंडला (जो अडवतोही आणि चेंडू झेलतोही) कांदेपोह्यांच्या थाटात पाहतात: उंची किती, वीत किती, चाळीस यार्ड किती सेकंदांत? अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्याला हा अडवील का, हे मात्र स्टॉपवॉच सांगत नाही. २०१७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या खेळाडू-निवडीत, टाइट एंड ओ. जे. हॉवर्डला १९व्या क्रमांकावर उचललं. जॉर्ज किटल १४६व्यापर्यंत ताटकळला. पुढे ऑल-प्रो, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांपैकी एक, ठरला तो किटल. अँटोनियो गेट्स तर कॉलेजात बास्केटबॉलच खेळला. २००३मध्ये त्याला कुणीच निवडलं नाही. २०२५मध्ये तो टाइट एंड म्हणून फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. पारखी डगमगले नाहीत. ते आता उंच बास्केटबॉलपटूंत पुढचा गेट्स शोधतात, अर्थात टेप लावूनच.