सेक्टर ४३ येथील वारुणीपरीक्षा : एक अल्पप्रबंध

वाइनची चव नेमकी कुठे ठरते, याबाबत दोन पक्ष आहेत. पूर्वपक्ष फ्रेंचांचा: चव मळ्यात ठरते. माती, उतार, ऊन, वारा या सगळ्याला मिळून ते 'तेर्वार' म्हणतात आणि म्हणताना ओठांचा चंबू करतात. उत्तरपक्ष आमचा: चव पिणाऱ्याच्या बैठकीत ठरते. हा सिद्धांत चंदीगडच्या सेक्टर ४३ मधल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये मांडला गेला, एवढ्याच कारणाने जगाने अजून त्याची दखल घेतलेली नाही.

पूर्वपक्षावर अन्याय नको. युरोपात हिवाळा पडला की वेल झोपते. नाशिकला तसली थंडी नाही, म्हणून वेलीला वर्षातून दोनदा कात्री लावतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, मग पावसाळाभर नुसती काडी तयार करायची. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. म्हणजे नाशिकच्या चवीत माती किती आणि कात्री किती, याचा हिशेब फ्रेंचांनी आधी द्यावा. बाकी इतिहास सर्वांना ठाऊक आहे: नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फेसाळ वाइन केली, राजीव सामंतांच्या सुलाची पहिली बाटली २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले, आणि २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळाले. या शेवटच्या गोष्टीचा आमच्या मंडळातल्या नाशिककरांना इतका अभिमान आहे, की ते मानांकन त्यांना व्यक्तिशः मिळाले असावे असे वाटते.

दोन्ही पक्षांचा निकाल लावायला मंडळाने फ्लॅटवर घेतलेल्या परीक्षेला चार बाटल्या होत्या. नाशिकची सॉव्हिन्यॉ ब्लां, अकलूजची सांजोवेझे, बंगळूरजवळच्या नंदी हिल्सची काबर्ने-शिराझ, आणि पणजीकरांच्या आग्रहाखातर गोव्याची पोर्ट. पोर्टचे पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याशी नाते नावापुरतेच, आणि गोव्यात द्राक्षमळे तरी कुठले? पण गोड असल्यामुळे तिला कोणी जाब विचारला नाही. पिकदाणीही ठेवली होती. जाणकार घोट चाखून थुंकतात म्हणे. आमच्याकडे हे उपकरण पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण दाम मोजलेला ऐवज त्यात टाकायला एकही परीक्षक तयार होईना.

पहिला पेच तापमानाचा. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, असे शास्त्र आहे. खोली कुणाची, हे शास्त्र सांगत नाही. ती युरोपातली, पंधरा-अठरा अंशांची. चंदीगडला मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि जानेवारीच्या रात्री एक आकडी होतो. तेव्हा सेक्टर ४३ मध्ये लाल वाइन शास्त्रोक्त पिण्याचा मुहूर्त दिवाळीनंतर थोडा आणि फेब्रुवारीअखेर थोडा. परीक्षा जूनमध्ये होती. अकलूजची बाटली फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवण्यात आली. पुढे तिला 'ताज्या हिरवळीचा गंध' असल्याची नोंद झाली. तिचे श्रेय कुणाला द्यायचे, हे या प्रबंधाच्या कक्षेबाहेर आहे.

दुसरा पेच तोंडी लावण्याचा. लाल वाइनचा तुरटपणा टॅनिनचा; ते लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि जीभ कोरडी पडते. मीठ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ समोर आले की ते नरमते. म्हणून शेजारच्या सरदारजींनी पनीरचे पकोडे आणताच नंदी हिल्सची वाइन एकदम सुस्वभावी झाली. सोलापूरकरांनी तीच ठेच्याबरोबर घेतली. तिखटाने मद्याची आग वाढते, त्यामुळे त्यांना वाइन नव्हे, थेट भट्टीच लागली. माती तीच, साल तेच, बाटली तीच. ताटलीने निकाल फिरवला.

आता मुख्य पुरावा. सॉव्हिन्यॉ ब्लांला जो हिरवा वास येतो, तो मेथॉक्सिपायराझिन या द्रव्याचा, आणि हेच द्रव्य ढोबळी मिरचीत असते. नाशिककरांना वासाचे नाव आठवेना. सरदारजींनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि एका दमात सांगितले, "शिमला मिर्च!" निदान अचूक. परंतु सेक्टर ४३ मध्येच आंतरराज्य बसस्थानक आहे, हिमाचलच्या गाड्या तिथूनच सुटतात, आणि त्याच क्षणी उघड्या खिडकीतून कंडक्टरचा "शिमला, शिमला, शिमला!" असा पुकारा येत होता. तेव्हा ज्ञान ग्लासातून आले की खिडकीतून?

ही शंका हसण्यावारी नेऊ नये. १९९७ साली 'नेचर'मध्ये एक इंग्लिश प्रयोग छापून आला आहे: दुकानात अ‍ॅकॉर्डियनचे फ्रेंच सूर वाजले की गिऱ्हाईक फ्रेंच वाइन उचलते, जर्मन वाजले की जर्मन, आणि बहुतेकांना आपण का उचलली, हे सांगता येत नाही. अ‍ॅकॉर्डियनची ही किमया असेल, तर हिमाचलच्या कंडक्टरच्या गळ्याला कमी का लेखावे? पडताळ्यासाठी खिडकी लावून घेतली. वास उतरला, पण पंखा पुरेना, म्हणून पुन्हा उघडली. या वेळी पुकारा मनालीचा होता. सरदारजींना सफरचंद आले.

तेव्हा चव बैठकीतच ठरते. नाशिककरांनी हा निष्कर्ष फेटाळला. जिल्हा न्यायालय याच सेक्टरात आहे, प्रकरण तिथे नेऊ, असेही बोलून दाखवले. शेवटी तडजोड झाली: त्यांचे भिन्नमत प्रबंधात नोंदवायचे. ते असे, की नाशिकची वाइन बूच निघायच्या आधीच पहिली आली होती, आणि पुढचे सगळे केवळ पकोड्यांसाठी चालले होते.