जबाबदारी पानभर, अधिकार कोरा

तुळशीची लग्नं जवळ आली की हॉटेलांची भरती सुरू होते. ‘पाहिजेत : इव्हेंट कोऑर्डिनेटर. अस्खलित इंग्रजी, हसतमुख व्यक्तिमत्त्व. दबावाखाली काम करण्याची तयारी. वेळेचं बंधन नाही. पगार उद्योगातल्या रिवाजाप्रमाणे.’ पुणे, नाशिक, महाबळेश्वर, गोवा. गाव बदलतं, मजकूर बदलत नाही. खाली पानभर कामं दिलेली असतात : चौकशीला उत्तर द्या, हॉल दाखवा, मेन्यू ठरवा, डेकोरेटर सांभाळा, पाहुणे सांभाळा, बिल वसूल करा. एक ओळ मात्र कुठेच सापडत नाही : हे करताना या माणसाने स्वतःच्या अधिकारात काय ठरवायचं?

सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. ती नसेल तर तुम्ही शिव्या खायला माणूस ठेवताय, एवढंच.

रात्रीचे दहा वाजलेत, लॉनवर रिसेप्शन रंगलंय, डीजे जोरात आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त बँक्वेट हॉलला आतल्या आत सवलत आहे, लॉनला नाही. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं, तीही सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी. कुणाच्या घरचं रिसेप्शन त्यात बसत नाही. पण बुकिंग घेताना सेल्सचा माणूस ‘अकरापर्यंत बघू, अ‍ॅडजस्ट करू’ असं सांगून गेलेला असतो. तो आता घरी झोपलाय. वॉकीटॉकी घेऊन नवऱ्या मुलाच्या काकांसमोर उभी आहे ती पंचविशीतली कोऑर्डिनेटर. तिने डीजे थांबवला की काका जनरल मॅनेजरला फोन लावतात आणि मॅनेजर तिला सांगतात, ‘जरा सांभाळून घे, मोठी पार्टी आहे.’ पोलीस दारात आले की उत्तर द्यायला पुन्हा तीच.

हा तिचा दोष नाही. तिला नेमताना तुम्ही कागदावर जे लिहिलं नाही, त्याचा हा परिणाम आहे. लिहा : ‘लॉनवरचं संगीत दहाला बंद करण्याचा अधिकार कोऑर्डिनेटरचा. तिचा निर्णय कुणीही फिरवणार नाही.’

दुसरा प्रसंग ताटांचा. यजमानांनी ३०० पाहुण्यांची गॅरंटी दिली, कॅप्टन आणि यजमानांचा माणूस या दोघांनी मिळून ताटं मोजली, ती ३६० भरली. वरच्या साठ ताटांचे पैसे मागायचे कोणी? यजमान चिडले तर सूट किती द्यायची? रात्री साडेबाराला अकाउंट्सवाले जागेवर नसतात. कोऑर्डिनेटर सूट देते तर सकाळी तिला जाब विचारतात, देत नाही तर यजमान भांडून जातात आणि तरीही जाब तिलाच. किती रुपयांपर्यंतची सूट ती स्वतः देऊ शकते, हा आकडा नोकरीच्या वर्णनात छापायला दोन सेकंद लागतात. तो छापत नाहीत, कारण आकडा छापला की नंतर हात झटकता येत नाहीत.

तिसरा प्रसंग जिवाशी खेळणारा आहे. आपल्या लग्नात होम असतो आणि बँक्वेट हॉलच्या छताला स्मोक डिटेक्टर. होमापुरता तेवढ्या भागाचा डिटेक्टर इंजिनिअरिंगने बंद करायचा, आग विझवायचं सिलिंडर घेऊन एक माणूस तिथे उभा ठेवायचा, होम शांत झाला की डिटेक्टर पुन्हा चालू करायचा. यातलं काही चुकलं तर ऐन सप्तपदीत अलार्म वाजतो. त्याहून वाईट म्हणजे डिटेक्टर दिवसभर बंदच राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हे सगळं जुळवायचं कोऑर्डिनेटरने. पण इंजिनिअरिंग तिच्या हाताखाली नाही. किचन नाही, हाउसकीपिंग नाही, सिक्युरिटीही नाही. तिच्याकडे असतो फक्त फंक्शन प्रॉस्पेक्टस : माणसं किती, मेन्यू काय, हॉल कधी ताब्यात, कधी रिकामा, टेबलं कशी, माइक किती, पार्किंग कुठे. हा कागद प्रत्येक विभागाकडे जातो. त्यावरची तिची सही म्हणजे हुकूम की विनंती, हे तिला नेमतानाच ठरवा. विनंती असेल, तर होमाचं काम तिच्या माथी मारू नका.

आता ‘वेळेचं बंधन नाही’ याबद्दल. बंधन आहे, कायद्याचं आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हॉटेलंही येतात. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे ठरलेल्या तासांवर काम झालं की दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात, आठवड्याची सुटी द्यावी लागते. म्हणून काही चलाख मालक ‘कोऑर्डिनेटर’ खोडून ‘असिस्टंट मॅनेजर, इव्हेंट्स’ लिहितात, कारण व्यवस्थापन आणि देखरेखीची पदं या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. पद मॅनेजरचं, काम खुर्च्या मोजण्याचं, अधिकार शून्य आणि ओव्हरटाइम बुडालेला. ही उघड लबाडी आहे. मॅनेजर म्हणायचं असेल तर मॅनेजरचा अधिकार द्या. देत नसाल तर तासांचे पैसे द्या.

कायद्याला घाबरून नको, निदान हिशेबाला धरून तरी तास लिहा. शनिवारी दुपारचं लग्न चारला हॉल सोडतं, सातला त्याच हॉलमध्ये रिसेप्शन. मधल्या तीन तासांत फुलं उतरतात, स्टेज बदलतं, कार्पेट झाडलं जातं, टेबलं नव्याने लागतात. कोऑर्डिनेटर सकाळी सातला आलेली असते, ती मध्यरात्री सुटते आणि रविवारी सकाळी साखरपुडा असतो. जाहिरातीत स्पष्ट लिहा : ‘सीझनमध्ये शनिवार-रविवार काम. दुहेरी समारंभाच्या दिवशी दोन पाळ्या, दोन कोऑर्डिनेटर. बदली सुटी त्याच आठवड्यात.’ दोन माणसं परवडत नसतील तर एका दिवशी दोन समारंभ घेऊ नका.

याच जाहिरातींत ‘मुलींना प्राधान्य, वय २१ ते २८’ असंही सर्रास छापतात. १९७६च्या समान वेतन कायद्याने भरतीत असा स्त्री-पुरुष भेद करायला मनाई केली आणि नव्या वेतन संहितेनेही ती मनाई कायम ठेवली. मुलगी हवी आणि तीही तरुण हवी, कारण चिडलेले यजमान तिच्यासमोर जरा नरमतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हे बंद करा. बाईमाणसाला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर २०१७च्याच कायद्याप्रमाणे तिची संमती लागते, सुरक्षिततेची व्यवस्था लागते आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची गाडी लागते. मुंबईत रात्रभर लोकल धावत नाही आणि लोणावळ्याच्या रिसॉर्टवरून मध्यरात्री रिक्षा मिळत नाही. तेव्हा गाडीची ओळ पगाराच्या ओळीच्या शेजारी छापा.

आणि पगार आकड्यात लिहा. ‘रिवाजाप्रमाणे’ असं लिहिणाऱ्याला समोरच्याची गरज बघून भाव पाडायचा असतो. पाहुण्याला ताटाचा दर फोनवर पहिल्याच मिनिटाला सांगता. हॉल चालवणाऱ्या माणसाचा दर मात्र तिसऱ्या मुलाखतीपर्यंत झाकून ठेवता.

पात्रतेतही तेच. अस्खलित इंग्रजीवर अडून बसता, पण हिला पंचांग कळतं का हे विचारत नाही. २०२६मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन मे महिन्याचा उत्तरार्ध लग्नांविना. हे जिला सहा महिने आधी दिसतं, ती त्या तारखांना कंपन्यांच्या बैठका, शाळांचे माजी विद्यार्थी मेळावे, धोंड्याच्या जेवणांच्या ऑर्डरी मिळवते. तिचं इंग्रजी अडखळतं म्हणून तुम्ही तिला दारातूनच परत पाठवलेलं असतं. गुरुजींशी मुहूर्ताबद्दल, आचाऱ्याशी पुरणाबद्दल आणि मुलीच्या आईशी रुखवताच्या टेबलाबद्दल नीट बोलता येणं, ही या कामाची खरी भाषा आहे.

‘आजकालची मुलं टिकत नाहीत’ ही मालकांची तक्रार सगळीकडे ऐकू येते. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलं कष्टाला घाबरत नाहीत. शिकताना त्यांनी सोळा-सोळा तास उभ्याने काढलेले असतात. त्यांना हाकलून लावतो तो रोजचा अपमान : निर्णय दुसऱ्याचा, माफी मात्र त्यांनी मागायची.

म्हणून पुढची जाहिरात एचआरकडून लिहून घेऊ नका. एचआरचं ऑफिस सहाला बंद होतं, शनिवारची रात्र तिथून दिसत नाही. गेल्या सीझनला जी कोऑर्डिनेटर नोकरी सोडून गेली, तिला फोन करा. तिचा वेळ जाईल त्याचे पैसे द्या. कोणत्या तीन गोष्टी ठरवायचा अधिकार तुझ्याकडे असता तर तू थांबली असतीस, एवढंच विचारा. ती सांगेल त्या तीन गोष्टी जाहिरातीत सगळ्यात वर छापा, खाली जनरल मॅनेजरची सही घ्या, आणि मग माणूस शोधा.