चिठ्ठी कन्नडची, घाम मराठीचा

आमच्या बेळगुंदीत कॉपी करायची तर दोन भाषा यायला लागतात, आणि दोन्ही भाषा येत असल्या तर कॉपीची गरजच पडत नाही. सीमाभागावर झालेल्या अन्यायांची यादी मोठी आहे, पण हा अन्याय अजून कुणी तिच्यात घातलेला नाही. म्हणून मीच घालतो.

गाव बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप जलाशयाच्या बाजूला. शाळा मराठी, बोर्ड कर्नाटकाचं. दहावीला, म्हणजे आमच्या एसएसएलसीला, एकूण ६२५ मार्क. पहिल्या भाषेला १२५, बाकी पाच विषयांना शंभर-शंभर. मराठीचे सव्वाशे घरचेच. गणितात पोरांचं जे व्हायचं ते सगळ्या भारतात होतं. घोडं अडतं ते कन्नडपाशी. घरात मराठी, गल्लीत मराठी, देवळात मराठी आणि पेपरात ‘ग्रंथालयाचे महत्त्व’ कन्नडमधून.

मी बरीच वर्षं मास्तरकी केली आणि तेवढेच उन्हाळे सुपरव्हिजनमध्ये घालवले. त्यामुळे कॉपी या विषयातलं माझं ज्ञान मी शिकवत असलेल्या विषयापेक्षा जास्त आहे, असं विद्यार्थीही म्हणतात.

एका पठ्ठ्याची वहिनी बैलहोंगलची. अस्सल कन्नड. तिनं दिराच्या मायेपोटी चार निबंध मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिले. अडचण एवढीच की दिराला ते मोती वाचता येत नव्हते. कुठली चिठ्ठी कशाची हे कळावं म्हणून त्यानं कोपऱ्यात चित्रं काढली: गाईला शिंगं, ग्रंथालयाला पुस्तक, असं. परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या बनियनच्या आत, बाहेर मार्च महिना. घामानं शिंगं पुसली, पुस्तक पुसलं. पठ्ठ्यानं देवाचं नाव घेतलं आणि हाताला लागली ती चिठ्ठी रेघ न रेघ उतरवली. पेपर तपासणाऱ्या मास्तरांना त्या दिवशी कळलं की ग्रंथालय सकाळ-संध्याकाळ दूध देतं आणि त्याच्या शेणाच्या गोवऱ्या होतात.

दुसरा यापेक्षा हुशार. त्यानं कन्नड उत्तरं देवनागरीत लिहून घेतली. वाचायची सोय झाली, पण पेपरात लिहायचं कन्नड लिपीत. मग गडी फेब्रुवारीभर रात्री बसून ‘क’ला काय, ‘ख’ला काय, जोडाक्षराचं शेपूट कुठं लोंबतं हे घोकत होता. चिठ्ठ्या पक्क्या करायच्या म्हणून त्या पन्नासदा वाचल्या. पेपराच्या दिवशी चिठ्ठी पायमोज्यात होती आणि पेपर संपेपर्यंत पायमोज्यातच राहिली. सगळं पाठच झालं होतं. तो आता एसटीत कंडक्टर आहे आणि मला तिकीट देताना मुद्दाम कन्नडमध्ये बोलतो. कॉपीसाठी घेतलेले कष्ट वाया जात नाहीत याचा तो पुरावा आहे.

कॉपी ही एकट्याची कला नव्हे. वहिनी लिहिते, झेरॉक्सवाला गाईडची पानं बारीक करून देतो, मामा कंपाउंडबाहेर उभा राहतो, बाप सुपरवायझरला ओल्या काजूचं पुडकं घेऊन ‘पोरगं आपलंच हाय सर’ सांगून जातो. दहा वर्षांत ज्या घरानं शाळेचं तोंड पाहिलं नाही ते पेपराच्या दिवशी सहकुटुंब हजर असतं. यातली निम्मी माणसं पालकसभेला आली असती तर माझी नोकरी सुखाची झाली असती.

पेपर आणि काजूचा हंगाम आमच्याकडे एकदमच येतो. एका केंद्रावर शाळेला लागूनच काजूची झाडं होती, आणि पेपर सुरू झाला की त्यांना काजूपेक्षा पोरंच जास्त लागायची. मी एकदा खिडकीतून विचारलं,

“काय रे, झाडावर काय करायलास?”

“काजू राखायलोय, सर.”

“कुणाचे?”

“ते इचारून सांगतो की.”

तेवढ्यात फाट्यावर भरारी पथकाची जीप वळली. झाडावरून शिट्टी आली. वर्गातली सगळी मुलं एकदम पंख्याकडे अशी बघू लागली, जणू सगळी उत्तरं तिथंच लटकली आहेत. पथकाचे साहेब खूश होऊन गेले. इतकी शांतता त्यांनी म्हणे शहरातही पाहिली नव्हती.

बाकीच्या कर्नाटकापुढं मात्र आम्ही बाळबोधच. २०१६ साली बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर फुटला म्हणून परत घ्यायचं ठरलं, तर ३१ मार्चचा तो दुसरा पेपरही फुटला. शेवटी १२ एप्रिलला तिसऱ्यांदा जमलं. २०१९च्या ऑक्टोबरात हावेरीच्या एका कॉलेजात मुलांनी शेजाऱ्याचं बघू नये म्हणून प्रत्येकाच्या डोक्यात पुठ्ठ्याचं खोकं घातलं, समोरची बाजू तेवढी कापलेली. फोटो जगभर गेला. पेपर कशाचा? रसायनशास्त्राचा. कॉलेज म्हणालं, मुलांच्या संमतीनंच झालं, खोकी त्यांनी स्वतःच आणली होती. हे खरंही असेल. आमच्या पोरांना खोकं आणायला सांगितलं असतं तर त्यांनी आतून निबंध लिहून आणला असता. खात्याच्या लोकांनी धावत जाऊन खोकी उतरवली.

आमच्या जिल्ह्यानंही नाव राखलं. २०२२च्या ऑगस्टमध्ये वीज महामंडळाच्या कनिष्ठ सहायक भरतीच्या परीक्षेत गोकाकला एकानं स्मार्टवॉचवर प्रश्नपत्रिकेचे फोटो काढून बाहेर पाठवले, आणि पोलिसांची धरपकड सुरू झाली. गोकाक पूर्वी धबधबा आणि करदंट यांसाठी प्रसिद्ध होतं. घड्याळात बघून वेळ कळते एवढंच ठाऊक असलेला मी सुपरवायझर तिथं असतो तर ‘घड्याळ आणलंस, शाबास’ म्हणून पाठ थोपटली असती.

मग २०२४ला सरकारनं एसएसएलसीच्या वर्गात कॅमेरे बसवले. वर्गात काय चाललंय ते जिल्ह्याच्या ठिकाणी बसून दिसू लागलं. काजूच्या झाडावरची पोरं एका दिवसात बेकार झाली. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८३.८९ टक्के होता. आता तो कुठवर घसरला असता याची वरच्यांना धास्ती पडली असावी, कारण ग्रेस मार्क दहाऐवजी वीस टक्के केले, आणि ते मिळायला लागणारी किमान पात्रता ३५ टक्क्यांवरून २५ वर आणली. एवढं करून निकाल लागला ७३.४० टक्के.

म्हणजे पोराच्या पायमोज्यातली चिठ्ठी काढून घेतली आणि साहेबांनी स्वतःच्या खिशातली दिली. वहिनीला निदान चार निबंध लिहायचे कष्ट तरी पडले होते.

मोठ्यांचे नियमही असेच प्रेमळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे प्रबंधातला मजकूर दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही, आणि साठच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. आमच्या एका प्राध्यापक मित्राच्या प्रबंधात नऊ टक्के साम्य निघालं. तो हळहळला, म्हणाला, “एक टक्का वाया गेला रे.”

दहावीच्या त्या वीस टक्के ग्रेसवर मुख्यमंत्रीही नाराज झाले आणि पुढच्या वर्षापासून तो वाढीव वाटा बंद झाला. बंद झाला म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात होतो, तोवर नवा निर्णय आला: पास व्हायला आता ३५ ऐवजी ३३ टक्के. पूर्वी ६२५ पैकी २१९ लागायचे, आता २०६ पुरतात. हे तेरा मार्क कुणाच्या पायमोज्यातून निघाले, ते बोर्डालाच विचारा.