अजून प्रोसेसिंग!

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाजी घेताना कुणी ‘काय काका, कसं काय?’ म्हणालं, की मार्च-एप्रिलमध्ये रिफंडकाकांचं उत्तर ठरलेलं: ‘अजून प्रोसेसिंग.’ विचारणाऱ्याने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केलेली असते, हा भाग वेगळा.

फेडरल इन्कम टॅक्सच्या रिफंडशी काकांना फारसं देणंघेणं नाही. तो बहुतेकांना 21 दिवसांत मिळतो. रिटर्न मिळालं, रिफंड मंजूर झाला, पाठवला, की संपला विषय. त्यात राम नाही. काकांचा जीव राज्याच्या रिटर्नमध्ये. ते रोज मेट्रोपार्कहून गाडी पकडून मॅनहॅटनला कामाला जातात, म्हणून न्यूयॉर्कला अनिवासी म्हणून एक रिटर्न. घर न्यू जर्सीत, म्हणून तिथे दुसरं. न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट त्यात मागायचं. काकूंची नोकरी जर्सीतलीच. त्यांच्या पगारातून इथला कर कापला जातो आणि यंदा त्यातले 387 डॉलर परत यायचे आहेत.

जर्सीचं करखातं स्वच्छ सांगतं: ऑनलाइन रिटर्नला किमान 4 आठवडे, कागदी असेल तर किमान 12. काका पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. विरजण लावल्यावर दर अर्ध्या तासाने पातेल्यात बोट घालणाऱ्यांतले ते. स्थिती बघायला सोशल सिक्युरिटी नंबर आणि रिफंडची रक्कम भरावी लागते, त्यामुळे 387 हा आकडा घरात सगळ्यांना पाठ. चार वर्षांच्या नातीला शंभरापर्यंत नीट मोजता येत नाही, पण हा येतो.

मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. नाट्यपद रंगात आलेलं आणि मागच्या रांगेत मोबाइलचा उजेड. शेजारचे गृहस्थ नुसत्या भुवया उंचावतात, काका मान हलवतात. प्रोसेसिंग.

डॅलसचे साडू फोनवर फुशारकी मारतात, ‘आमच्या टेक्ससमध्ये स्टेट इन्कम टॅक्सच नाही!’ काकांना त्यांची मनापासून कीव येते. ‘मग मार्च-एप्रिलमध्ये करता काय तुम्ही?’ वर तिथल्या प्रॉपर्टी टॅक्सची आठवणही करून देतात. जर्सीतही स्टेट इन्कम टॅक्स 1976 पर्यंत नव्हता, आणि तो आणला तो घरपट्टीचा भार हलका करायला, हे ते न विचारता सांगतात. जर्सीची घरपट्टी आज देशात सर्वांत जड म्हणून गाजते, हे मात्र विचारलं तरी सांगत नाहीत.

मुलाने एकदा तोंड उघडलं. ‘बाबा, हे आपलेच पैसे, वर्षभर सरकारला बिनव्याजी वापरायला दिलेले. आईच्या पगारातून कमी कापायला सांगा, रिफंडची भानगडच नको.’ काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

वैताग येतो खरा. पण रटगर्समध्ये शिकणाऱ्या एका मुलीचा रिफंड कित्येक आठवडे अडकला, तेव्हा सगळ्यांनी तिला ‘येईल गं’ म्हणून वाटेला लावलं होतं. काकांनी एकच विचारलं: ‘घर बदललंस का?’ बदललं होतं. शनिवारी तिला घेऊन ते जुन्या अपार्टमेंटवर गेले. पिझ्झाच्या कूपनांखाली, नव्या भाडेकरूने न फेकलेलं करखात्याचं पत्र निघालं: ओळख पटवून द्या, मग रिटर्न पुढे सरकेल. कागदपत्रं कशी पाठवायची ते काकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दाखवलं. चहा काकूंचा, भाषण काकांचं. ते ऐकून घ्यावंच लागतं.

एप्रिलअखेर 387 डॉलर खात्यात आले. काकूंनी घरच्या सगळ्यांना जेवायला नेलं. बिलात रक्कम बरीचशी संपली. काका गप्पच होते. उठून कोपऱ्यात गेले आणि त्या मुलीला फोन लावला.

‘अगं, तुझं काय झालं? थांब, नंबर मला सांगू नकोस, तूच टाक. मी धरतो फोन.’