सून परदेशी, माती गुजरातची

इमिग्रेशन म्हणजे विमानातून उतरलेल्या माणसाला देशात पाऊल टाकू द्यायचे की नाही हे ठरवणारी सरकारी तपासणी होय. तिचे सारे शास्त्र एका गृहीतकावर उभे आहे, ते असे की माणूस कोणाचा नवरा किंवा कोणाची बायको आहे याला महत्त्व नाही, त्याच्या हातातला पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे याला आहे. त्यामुळे पेणचा मुलगा आणि त्याची जर्मन बायको ही अग्नीच्या साक्षीने सात पावले जोडीने चाललेली मंडळी मुंबईच्या टर्मिनल दोनवर पोचली, की आठवे पाऊल दोन दिशांना पडते. तो भारतीय पासपोर्टांच्या रांगेत जातो आणि ती परदेशी पासपोर्टांच्या. एखादा भला अधिकारी दोघांना एकाच खिडकीवर बोलावतोही, पण तो त्याचा चांगुलपणा झाला, त्यांचा हक्क नव्हे. नवऱ्याचे काम आधी उरकते, आणि मग तो दोघांच्या बॅगा राखत, पलीकडे बायकोची चार बोटे ठशांच्या काचेवर नीट टेकतात की नाही हे टाचा उंचावून पाहत राहतो. विवाहसंस्थेवर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्यांनी या दृश्याकडे दुर्लक्ष करावे, हे शास्त्राचे मोठेच नुकसान आहे.

ही ताटातूट स्वराज्याबरोबर आली, असे म्हटल्यास कोणी रागावू नये. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९१५ साली केंब्रिजला गेले, १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना इंग्रज होत्या. त्या काळी नवरा रोह्याचा आणि बायको विलायतेची असली तरी कायद्याच्या लेखी दोघेही एकाच बादशहाचे प्रजाजन होते, त्यामुळे बंदरावर त्यांना वेगळे करायला सरकारपाशी सबब नव्हती. वेगळे करण्याचे काम क्लबच्या दारावर होत असे आणि तिथे पासपोर्ट कोणी पाहत नसे, कातडी पाहत. १९४७ नंतर क्लबच्या दारावरची ती रांग मोडली आणि विमानतळावरची ही लागली. सौदा फायद्याचाच झाला, यात शंका नाही. तरीही त्याचा हप्ता जोडप्यांनीच का भरावा, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

विमानतळ सुटला म्हणजे प्रवेश मिळाला, असे समजणाऱ्याने मुंबई–गोवा महामार्ग पाहिलेला नसतो. त्याच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि त्यावर इतकी वर्षे गेली, की तीस दिवसांच्या ई-व्हिसाची मुदत विमानतळापासून न मोजता वडखळ नाक्यापासून मोजावी, अशी मागणी कोणी केल्यास ती अवाजवी म्हणता येणार नाही. घरी पोचल्यावर पुढची पायरी येते. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत यजमानाने परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला तशी वर्दी द्यायची असते, तिला आजवर ‘सी फॉर्म’ म्हणत आले. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, वर्दी मात्र टिकली. रायगडात हे अधिकारी म्हणजे अलिबागचे पोलीस अधीक्षक. म्हणजे ज्या गावाच्या नावाने अवघा महाराष्ट्र भोळेपणाची टिंगल करतो, त्याच गावी जर्मन सुनेची नोंद व्हायची. रोह्याच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या, पालखीला हेच पोलीस खाते बंदुका उंचावून मानवंदना देते, यावरून खात्याला पाहुण्यांचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये; देव फॉर्म भरत नाही, इतकाच फरक.

तथापि या दोन्ही तपासण्या लुटुपुटूच्या ठराव्यात अशी तिसरी तपासणी घराच्या ओटीवर होते. विमानतळावरचा कॅमेरा चेहरा टिपतो. ओटीवरच्या आत्याबाई आधी पायांकडे पाहतात, कारण जोडवी आहेत की नाहीत हे कळल्याखेरीज चेहऱ्याकडे पाहण्यात त्यांच्या मते अर्थ नसतो. अधिकारी येण्याचा हेतू विचारतो आणि ‘पर्यटन’ या उत्तरावर शिक्का मारतो, परंतु आत्याबाईंना माहेर, माहेरची माणसे, मासे चालतात का, आणि चालत असतील तर काट्यासकट चालतात का, इतके सविस्तर लागते. शिवाय एका प्रश्नाचे उत्तर सुनेने द्यावे आणि नवऱ्याने त्याचे भाषांतर करताना ते सुधारून सांगावे, ही लबाडी त्या तत्काळ ओळखतात. पोह्याच्या पापडाचा पहिला तुकडा तोंडात घालून सून हसली, की तात्पुरता व्हिसा मिळतो. त्याची मुदत पुढच्या गणपतीपर्यंत असते.

गणपतीचा विषय निघालाच आहे तर पेणच्या कारखान्यांकडे, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्या कार्यशाळांकडे, वळणे भाग आहे. इथली शाडूची माती गुजरातेतून येते, आणि तरीही पेणच्या हाताने डोळ्यांची आखणी झाली की ती मूर्ती जगभर ‘पेणचा गणपती’ म्हणूनच ओळखली जाते. न्हावाशेवा बंदरातून कंटेनरमध्ये बसून ती परदेशी जाते, तेव्हाही तुमची माती मुळात कुठली, असे तिला कोणी विचारत नाही. सून मात्र पेणमध्ये वीस गणपती बसवून उठवते, मोदकाच्या पाऱ्या सराईतपणे वळते आणि तरी वाडीत तिची ओळख ‘ती जर्मनीची’ अशीच राहते.

कायद्याने यावर एक तोडगा काढला आहे. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला मिळणारा जवळजवळ आजन्म व्हिसा, भारतीयाच्या जोडीदाराला मागता येते, पण लग्नाची नोंद झालेली असावी आणि ते लग्न सलग दोन वर्षे टिकलेले असावे, अशी अट आहे. घटस्फोट झाला की कार्डही रद्द होऊ शकते, म्हणजे सरकारने संसाराला प्रोबेशनवर घेतले आहे. एकाच रांगेत उभे राहण्याचा दुसरा मार्ग असा, की नवऱ्यानेच तिच्या देशाचे नागरिकत्व घ्यावे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने तोही लगेच परका होतो आणि जोडपे सुखाने एकत्र येते.

कार्ड मिळाल्यावर सुनेला पेणला फ्लॅट घेता येतो, शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, त्यामुळे खारेपाटातल्या भाताच्या तुकड्याची चौकशी करायला ती तलाठ्याकडे गेली तर तिला नकार मिळतो. तिच्यासोबत गेलेले मामेसासरे जन्माने दादरचे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी असतात, परंतु महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला खास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, आणि त्यांच्या नावावर कुठेच सातबारा नसतो, म्हणून तोच नकार त्यांनाही मिळतो. त्यांना तो जास्त झोंबतो, कारण सुनेकडे निदान कार्ड तरी असते.